मुंबई विमानतळावरून शहरात: मेट्रो, लोकल आणि बसने कसं पोचायचं

मुंबईत पहिल्यांदा विमानाने येणाऱ्याला घरचे, ओळखीचे, शेजारचे सगळे एकच सल्ला देतात: बाहेर पड आणि सरळ टॅक्सी कर. काही वर्षांपूर्वी तो बरोबर होता. विमानतळाच्या दारातून रेल्वेपर्यंत जायलाच रिक्षा लागायची, आणि हातात बॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणं नवख्याला झेपणारं नव्हतं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र भुयारी मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते, आणि तिची स्थानकं विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना आहेत. शंभर रुपयांच्या आत, ट्रॅफिकमध्ये न अडकता, मोठी बॅग घेऊन तुम्ही चर्चगेटला पोचू शकता. नागपूरहून परीक्षेला येणारी मुलगी असो, संभाजीनगरहून टाटा रुग्णालयात तपासणीला येणारं कुटुंब असो की आखातातून सुट्टीवर आलेला माणूस, टॅक्सीत जाणारे पैसे प्रत्येकाला दुसरीकडे लागणारच असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी तिकीट बघा: कुठलं विमानतळ, कुठलं टर्मिनल

२५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईला दोन विमानतळ आहेत. जुनं ते अंधेरी-सांताक्रूझ भागातलं छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, तिकिटावर त्याचा कोड बीओएम असा असतो. नवं पनवेलजवळचं नवी मुंबई विमानतळ, त्याचा कोड एनएमआय. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घाईत काढलं आणि पत्ता अंधेरीचा असताना उतरलात पनवेलजवळ, तर वाचलेले पैसे आणि वेळ दोन्ही रस्त्यात जातील. हा लेख जुन्या विमानतळाबद्दल आहे.

जुन्या विमानतळालाही दोन टर्मिनल आहेत. टी-२ म्हणजे सहारचं, सगळी परदेशी आणि बरीच देशांतर्गत विमानं तिथे येतात. टी-१ म्हणजे विलेपार्ले-सांताक्रूझ बाजूचं, तिथे फक्त देशांतर्गत. दोन्हींमध्ये चालत जाण्यासारखं अंतर नाही. कुणी न्यायला येणार असेल तर त्याला फोनवर नुसतं 'एअरपोर्टला ये' म्हणू नका, टर्मिनलचा आकडा सांगा. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर मेट्रो ३ इथेही कामाला येते. टी-२, मग सहार रोड, मग टी-१, म्हणजे फक्त दोन स्थानकांचा प्रवास.

पत्ता कुठल्या लाईनवर आहे ते शोधा

मुंबईत एखादी जागा किती किलोमीटरवर आहे हे विचारून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते हे: ती कुठल्या लाईनवर आहे आणि स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला? मुंबईकर 'आम्ही सेंट्रलला राहतो' किंवा 'ते वेस्टर्नला असतात' असंच बोलतात, कारण रेल्वेनेच या शहराची वाटणी केली आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरारकडे आणि पुढे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे करत कल्याणकडे. हार्बर सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला करत वाशी, पनवेलकडे, आणि तिचाच एक फाटा वडाळ्याहून माहीम, वांद्रेमार्गे अंधेरी-गोरेगावला.

ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांना निघण्याआधीच विचारून ठेवा: जवळचं स्टेशन कुठलं, बाजू कुठली, आणि तिथून घरापर्यंत शेअर रिक्षा मिळते का. पूर्व-पश्चिम चुकली तर पुलावरून बॅग उचलून पलीकडे जावं लागतं आणि कधी कधी रिक्षाला भलामोठा वळसा पडतो. पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवलात तर आणखी चांगलं, फोनची बॅटरी नेमकी उतरल्यावरच दगा देते.

टाऊनकडे जायचं असेल तर: मेट्रो ३

दादर, वरळी, मुंबई सेंट्रल, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट, नरिमन पॉइंट, कुलाबा यांपैकी कुठेही जायचं असेल तर दुसरा विचार करू नका. टर्मिनलमधून बाहेर पडताना मेट्रोच्या पाट्या शोधत चला. दिसल्या नाहीत तर गणवेशातल्या कुणालाही 'मेट्रो स्टेशन कुठे?' विचारा. 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे येणाऱ्यांना विचारू नका, 'मेट्रो बंद आहे' हे उत्तर तिथे पहिल्यांदा मिळतं.

तिकीट खिडकीवर, यंत्रावर किंवा मोबाईलवर मिळतं. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. नवख्याने एक करावं: मोबाईलवर तिकीट काढायचं असेल तर जिना उतरायच्या आधी, वर असतानाच काढावं. स्थानकं खोल जमिनीखाली आहेत आणि खाली नेटवर्क मिळेलच याचा भरवसा धरू नये. परदेशातून येणाऱ्यांचं भारतातलं सिमकार्ड अनेकदा चालू नसतं, त्यांनी थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि सरळ खिडकी गाठावी. तिकिटावरचा क्यूआर कोड आत जाताना दाखवायचा आणि बाहेर पडतानाही, म्हणून कागदी तिकीट उतरेपर्यंत टाकून देऊ नका.

बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात. नंतर लिफ्ट शोधा. सरकत्या जिन्यावर दोन मोठ्या बॅगा सांभाळणं धोक्याचं आहे, आणि मागच्या माणसालाही त्रास. फलाटावर दोन दिशा असतात. शहराकडे जायचं तर 'कफ परेड' लिहिलेली गाडी, उलट दिशेची 'आरे जेव्हीएलआर'. गाडी आठ डब्यांची आणि वातानुकूलित आहे. डब्यात शिरल्यावर बॅग दारात उभी करू नका, आत टोकाला न्या आणि चाकं असतील तर पायाने अडवून ठेवा.

आता स्थानकांच्या नावांबद्दल, कारण नवखी माणसं इथेच फसतात. या मार्गावर सांताक्रूझ नावाचं स्थानक आहे, पण ते पूर्वेला आहे, सांताक्रूझच्या रेल्वे स्टेशनला लागून नाही. 'वांद्रे कॉलनी' म्हणजे वांद्रे स्टेशन नव्हे. दादरचं मेट्रो स्थानक दादर पश्चिमेला आहे, तिथून रेल्वे स्टेशनला जायला बाजारातून थोडं चालावं लागतं. महालक्ष्मीला उतरून देवळात जाता येईल असं समजू नका, मंदिर तिथून दूर समुद्राच्या बाजूला आहे, टॅक्सी किंवा बस लागतेच. सिद्धिविनायकाचं स्थानक मात्र खरोखर मंदिराजवळ आहे.

काम कुठे आहे त्याप्रमाणे उतरा. मंत्रालयात अर्ज द्यायचा असेल तर विधान भवन. उच्च न्यायालयासाठी हुतात्मा चौक. अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीला येणाऱ्यांनी बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, पण तो भाग फार पसरट आहे, उन्हात बॅग ओढत चालण्यापेक्षा वर येऊन रिक्षा करा. परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयात जाणाऱ्यांनी दादरला उतरावं आणि तिथून टॅक्सी करावी, मीटरवर हे अंतर फार नाही. रुग्ण अशक्त असेल, चालताना दम लागत असेल, तर मेट्रोचा हट्ट धरू नका. खोल स्थानकातून वर येईपर्यंतचं चालणंच त्यांना जास्त होतं. अशा वेळी विमानतळावरून थेट प्रीपेड टॅक्सी घ्यावी, बचत इतर फेऱ्यांमध्ये करता येईल.

मेट्रो ३ सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या आसपास शेवटच्या गाड्या सुटतात. रविवारी सकाळची सुरुवात जरा उशिरा असते.

अंधेरी, घाटकोपर, ठाणे, बोरिवली: मरोळ नाक्याला बदला

उपनगरात जाणाऱ्यांनी टी-२ वरून उलट दिशेची, म्हणजे आरेकडे जाणारी गाडी धरायची आणि पुढच्याच स्थानकावर, मरोळ नाक्याला उतरायचं. इथे भुयारातली मेट्रो ३ आणि पुलावरून जाणारी मेट्रो १ भेटतात. एक जमिनीच्या पोटात, दुसरी रस्त्याच्या डोक्यावर, त्यामुळे चढ बराच आहे. खालच्या फलाटावरून वर यायचं, मेट्रो ३ च्या गेटमधून बाहेर पडायचं, मग मेट्रो १ च्या पाट्या धरून पलीकडे जायचं आणि तिथे पुन्हा तपासणी, पुन्हा गेट. दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, त्यामुळे तिकीटही वेगळं. 'मुंबई वन' नावाचं ॲप घेतलंत तर दोन्हींचं तिकीट एकदमच निघतं. त्या ॲपमध्ये मेट्रो, मोनो, लोकल, बेस्ट (मुंबईची शहर बससेवा) आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या बसही आहेत. गावाहून निघतानाच, घरच्या वायफायवर ते घेऊन ठेवा.

मेट्रो १ फक्त वर्सोवा ते घाटकोपर धावते, बारा स्थानकं. पण पश्चिम आणि मध्य रेल्वेला आडवं जोडणारी हीच. अंधेरीला उतरलात की पश्चिम रेल्वे, घाटकोपरला उतरलात की मध्य रेल्वे, आणि दोन्हीकडे पुलावरून थेट स्टेशनात जाता येतं. ठाणे, मुलुंड, भांडुप, डोंबिवली, कल्याण, सगळ्यांची वाट घाटकोपरवरून.

बोरिवली पूर्व, कांदिवली पूर्व, मालाड पूर्व, दहिसर या भागात जाणाऱ्यांना लोकलची गरजच नाही. मरोळ नाक्याहून मेट्रो १ ने 'पश्चिम द्रुतगती महामार्ग' स्थानकावर या, तिथून पुलाने गुंदवली, आणि गुंदवलीहून मेट्रो ७ दहिसरपर्यंत महामार्गाच्या वरून जाते. पश्चिमेकडच्या भागासाठी मेट्रो १ ने पुढे डी. एन. नगरला जा, तिथे शेजारच्याच 'अंधेरी पश्चिम' स्थानकातून मेट्रो २अ सुटते. दोन वेळा गाडी बदलावी लागते हे खरं, पण संध्याकाळी अंधेरीहून विरार लोकलमध्ये बॅग घेऊन चढण्याच्या तुलनेत हे फार सुखाचं आहे.

नवी मुंबईला, म्हणजे वाशी, नेरूळ, पनवेलला जायचं तर घाटकोपरहून कुर्ला आणि कुर्ल्याला हार्बर, असा रस्ता आहे. हातात एखादी पाठपिशवी असेल तर हा ठीक. दोन मोठ्या बॅगा असतील तर मी कुणालाही कुर्ल्याला गाडी बदलायला सांगणार नाही. तिथले पूल अरुंद आणि सतत भरलेले असतात. अशा वेळी टॅक्सी करा, दोघं-तिघं मिळून केलीत तर फार महागही पडत नाही.

लोकलमध्ये चढायचंच असेल तर

लोकल स्वस्त आहे, दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, आणि तिच्याइतकं वेगाने दूर नेणारं दुसरं काही नाही. पण वेळ पाळावी लागते. सकाळी साधारण आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत बॅग घेऊन जाऊ नका. तुमच्याच नव्हे, इतरांच्याही जिवाला धोका असतो. विमान त्या वेळेत उतरलं तर विमानतळावर किंवा स्टेशनबाहेर चहा-नाश्ता करा आणि गर्दी ओसरू द्या. उलट दिशेला, म्हणजे सकाळी विरारकडे किंवा कल्याणकडे, बऱ्यापैकी जागा मिळते.

तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. एसी लोकलचं तिकीट वेगळं. साध्या तिकिटावर किंवा फर्स्ट क्लासच्या तिकिटावरही एसी गाडीत बसलात तर दंड होतो, आणि नवखा आहे म्हणून टीसी सोडत नाही. महिलांसाठी वेगळे डबे असतात, फलाटावर ते कुठे येतात हे शेजारच्या कुठल्याही बाईला विचारा, ती बोट दाखवून नेमकी जागा सांगेल. पुरुषांनी घाईत त्या डब्यात चढू नये.

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन, ती जलद की धीमी, आणि किती मिनिटांत येते हे दिसतं. जलद गाडी मधली स्टेशनं सोडते. अंधेरीहून चर्चगेटकडे निघालेली जलद लोकल साधारण वांद्रे, दादर, मुंबई सेंट्रल एवढीच घेते. तुम्हाला माटुंगा रोडला उतरायचं असेल आणि जलद पकडलीत तर स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जाईल. शंका असेल तर धीमी. अंधेरीहूनच सुटणारी चर्चगेट धीमी मिळाली तर सोन्याहून पिवळं, ती रिकामी लागते आणि बसायला मिळतं.

उतरण्याची एक पद्धत आहे, ती कुणी शिकवत नाही. दादरला उतरायचं असेल तर वांद्रे सुटताच जागेवरून उठा. दारापर्यंत माणसांची एक रांग लागलेली असते. तुमच्या पुढच्या माणसाला नुसतं 'दादर?' एवढंच विचारा. तो मान हलवेल, म्हणजे तो उतरणार आहे, त्याच्या मागे उभे राहा. 'नाही' म्हणाला तर तो अंग आक्रसून तुम्हाला पुढे जाऊ देईल, तेव्हा लाजू नका, पुढे व्हा. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारा. पाठपिशवी पाठीवर न ठेवता पोटाशी घ्या, दोन्ही हात मोकळे ठेवा. गाडी थांबेपर्यंत पाय बाहेर टाकू नका, कितीही लोक आधी उड्या मारत असले तरी. लोकल थांबते जेमतेम अर्धा मिनिट, पण रांगेत बरोबर उभे असाल तर गर्दीच तुम्हाला फलाटावर नेऊन सोडते. आणि राहिलंच एखादं स्टेशन, तर पुढच्या स्टेशनला उतरा, पूल ओलांडून परत या. चालत्या गाडीतून उतरण्याइतकी घाई कुणालाच नसते.

रविवारी दुपारी लोकलने जायचा बेत असेल तर आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र किंवा रेल्वेची घोषणा बघा. दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्या काळात काही गाड्या रद्द होतात, काही धीम्या मार्गावर वळवतात आणि हार्बरचा एखादा टप्पा पूर्ण बंद असतो.

बेस्ट आणि रिक्षा

जवळच जायचं असेल, विलेपार्ले, चकाला, साकीनाका, कलिना, तर बेस्टची बस किंवा रिक्षा. बेस्टचं कमीत कमी भाडं साध्या बसला १० रुपये आणि एसीला १२. बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरी आकड्यांत असतो, त्यामुळे मराठी माणसाला तो लांबूनच वाचता येतो. 'चलो' ॲपवर बस आत्ता कुठे आहे ते दिसतं. तासन्‌तास थांब्यावर ताटकळण्यापेक्षा ते बघावं.

रिक्षा मीटरनेच करा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या टप्प्याचं भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. पश्चिमेला माहीमच्या आणि पूर्वेला शीवच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षाला परवानगी नाही. त्यामुळे 'दादरला येणार का' विचारल्यावर रिक्षावाल्याने मान फिरवली तर तो उद्धटपणा नव्हे, त्याला जाताच येत नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस असला तर रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनाचा भरवसा कमी. अंधेरीचा आणि मिलन सबवे, म्हणजे रुळांखालून जाणारे रस्ते, पाण्याखाली गेले की पूर्व-पश्चिम वाहतूक अडते. मेट्रो त्यातल्या त्यात चालू राहते. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी स्थानकातही पाणी शिरलं होतं, म्हणून अशा दिवशी निघण्याआधी बातम्या बघाव्यात.

रात्री उतरलात तर

परदेशातली बरीच विमानं रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान येतात. तेव्हा मेट्रो ३ बंद असते. लोकल साधारण रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत नसते. या वेळेत प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरून पावती घ्या, टॅक्सीचा नंबर पावतीवरच्या नंबराशी जुळवा आणि पावती घरी पोचल्यावरच चालकाला द्या. ॲपवरची टॅक्सी असेल तर गाडीचा नंबर घरच्यांना पाठवा. बाहेर आल्याबरोबर 'कुठे जायचंय, मॅडम?' म्हणत बॅगेला हात घालणाऱ्यांबरोबर जाऊ नका, भाडं कितीही कमी सांगोत.

तीन-चार वाजता उतरलात आणि घाई नसेल तर आगमन कक्षातच थांबा. तिथे दिवे आहेत, माणसं आहेत, स्वच्छतागृह आहे. सहा वाजता पहिली मेट्रो धरून तुम्ही सकाळच्या गर्दीआधी चर्चगेटला असाल. एकट्या मुलींना आणि वयस्क मंडळींना मी हेच सांगतो.

मुंबईहून पुढे जायचं असेल तर

पुण्याला जाणाऱ्यांनी मेट्रोने दादरला यावं, तिथून पूर्वेला एसटीच्या शिवनेरी सुटतात. दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला असल्याने रेल्वेचा पूल ओलांडावा लागतो, त्यासाठी वीसेक मिनिटं हाताशी ठेवा. एसटीने आणखी कुठे जायचं असेल तर मुंबई सेंट्रलचं आगार मेट्रोच्या जवळ आहे. सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाड्यांसाठी थेट सीएसएमटी स्थानक. लोकमान्य टिळक टर्मिनसला मात्र मेट्रो जात नाही आणि सामान घेऊन कुर्ल्याहून चालत जाणं त्रासाचं आहे. कोकणात किंवा उत्तरेकडे जाणारी तुमची गाडी तिथून असेल तर विमानतळावरून सरळ रिक्षा करा, हा सगळा पट्टा रिक्षाच्या हद्दीत येतो.